टाकीचे वय आणि धोरणाचा वेग

गेल्या उन्हाळ्यात भोपाळमधील माझ्या घराच्या पोर्चमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. सकाळी तो जाणवत नसे. दुपारी ऊन तापले की येई आणि संध्याकाळी पुन्हा विरून जाई. गाडी २००८ सालची, सेवेत असताना कर्ज काढून घेतलेली. निवृत्तीनंतर ती बाजारहाट आणि स्टेशन यांपलीकडे फारशी धावलेली नव्हती. जमिनीवर थेंब नाही, इंजिनाखाली ओल नाही, आणि वास मात्र खरा. शेवटी ओळखीच्या उस्तादाकडे गाडी नेली. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडलेच नाही. सरळ मागचे आसन उचलले, त्याखालची पत्र्याची तबकडी काढली आणि बोट दाखवून म्हणाले, “साहेब, टाकीला काही झालेले नाही. टाकी तुमच्या-माझ्यानंतरही राहील. गेले आहे ते तिच्या तोंडाचे रबर.”

टाकी काळ्या प्लास्टिकची होती. तिच्या वरच्या बाजूला इंधन पंप बसवलेला, त्याभोवती आटेदार प्लास्टिकचे कडे आणि त्या दोहोंच्या मध्ये रबराची एक गोल चकती. ती चकती फुगून मऊ झाली होती आणि एका बाजूला खाचेतून बाहेर आली होती. टाकी पूर्ण भरली आणि ऊन तापले की तिथून वाफ बाहेर पडत असे. उस्तादांच्या म्हणण्यानुसार गेल्या दीड-दोन वर्षांत अशा गाड्या त्यांच्याकडे वरचेवर येऊ लागल्या आहेत. एका गॅरेजच्या अनुभवावरून देशाबद्दल निष्कर्ष काढू नये, एवढे शासकीय सेवेने मला शिकवले आहे. परंतु ज्या प्रश्नाबद्दल सध्या बराच आरडाओरडा आणि तितकाच इन्कार ऐकू येतो, तो प्रश्न नेमका कोठे वसतो, हे मला त्या रबरी चकतीने दाखवून दिले.

प्लास्टिकच्या इंधन टाकीविषयी सर्वसामान्य समज असा आहे की, कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी पत्र्याऐवजी हलका माल वापरला. हा समज अर्धवट आहे. युरोपात १९७०च्या दशकात या टाक्या मोटारींत येऊ लागल्या, त्यामागे ठोस कारणे होती. हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन हे प्लास्टिक वितळवून, साच्यात हवेच्या दाबाने फुगवून टाकी घडवली जाते. त्यामुळे तिला पत्र्यासारखा सांधा नसतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या आणि आसनाच्या मधल्या वेड्यावाकड्या जागेत ती बसवता येते. वजन कमी होते. अपघातात ती चेपते, पण सहसा उसवत नाही, आणि घासली तरी ठिणगी उडत नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती गंजत नाही. पावसाळी देशात हा गुण लहान नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या टाकीतून निघणारी तांबूस भुकटी आणि तिने वारंवार तुंबणारा कार्ब्युरेटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पत्र्याच्या टाकीचा एक गुण मात्र नव्या टाकीत आला नाही. ती कोठेही दुरुस्त होत असे. तालुक्याच्या गावातला कारागीर टाकी उतरवून, धुऊन, पाण्याने भरून तिला डाख देत असे आणि पुढची पाच वर्षे निभावत. प्लास्टिकची टाकी तडकली तर असे करता येत नाही. वर्षानुवर्षे पेट्रोल शोषलेले पॉलिएथिलीन नीट जुळत नाही. वरून ओतलेला गोंद किंवा इस्त्रीसारख्या हत्याराने दिलेला जोड काही महिन्यांत सुटतो. टाकी बदलणे हाच मार्ग उरतो आणि पंधरा वर्षांपूर्वी उत्पादन थांबलेल्या गाडीची नवी टाकी बाजारात सहज मिळत नाही. मग भंगारातून दुसऱ्या तितक्याच म्हाताऱ्या गाडीची टाकी काढून बसवली जाते. म्हणजे जुने आजारपण नव्या पत्त्यावर जाते.

या टाकीत नेमके काय म्हातारे होते, हे समजून घेतले पाहिजे. पॉलिएथिलीनची भिंत साधारण पाच मिलिमीटर जाडीची असते. पेट्रोल तिच्यात थोड्या प्रमाणात शिरते आणि वाफेच्या रूपाने बाहेर झिरपते. हे झिरपणे रोखण्यासाठी आधी टाकीच्या आतल्या पृष्ठभागावर फ्लोरिन वायूची प्रक्रिया केली जाई. नंतर सहा थरांच्या टाक्या आल्या. त्यांत मधोमध इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल नावाच्या पदार्थाचा कागदासारखा पातळ थर असतो आणि तोच खरा पहारेकरी. पेट्रोलमधील हायड्रोकार्बनना हा थर उत्तम अडवतो. अल्कोहोलला मात्र तितका अटकाव करत नाही. तरीही सहा थरांची टाकी इथेनॉलमिश्रित इंधनात एकंदर चांगली टिकते. म्हणून ‘इथेनॉल प्लास्टिकच्या टाक्या खाऊन टाकते’ असे जे बोलले जाते, ते मोटारींच्या बाबतीत खरे नाही.

प्लास्टिक हा एकच पदार्थ नाही, हे मात्र विसरता कामा नये. अमेरिकेत एका इटालियन कंपनीच्या मोटारसायकलींच्या टाक्या नायलॉनच्या होत्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि त्यासोबत येणारा ओलावा शोषून त्या फुगल्या, आकार बदलल्या आणि चौकटीवर नीट बसेनाशा झाल्या. ग्राहकांनी कॅलिफोर्नियात सामूहिक दावा केला आणि तडजोडीतून हमीची मुदत वाढवून मिळाली. त्याआधी २००४ मध्ये न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांनी पेट्रोलमधील जुने मिश्रद्रव्य बंद करून इथेनॉल आणले, तेव्हा किनाऱ्यावरील जुन्या होड्यांच्या फायबरग्लासच्या टाक्यांतील राळ विरघळून इंजिनाच्या झडपांवर डांबरासारखी साचली. दोन्ही प्रसंगांत इंधन नियमानुसारच होते आणि टाकीही आपल्या काळाच्या नियमानुसारच घडवलेली होती. दोष त्या दोहोंची गाठ घालून देणाऱ्या आणि मधल्या जुन्या वस्तूंची मोजदाद न करणाऱ्या निर्णयाचा होता.

आपल्याकडील जुन्या मोटारींत टाकीच्या भिंतीपेक्षा तिच्या कडा दुबळ्या आहेत. पंपाभोवतीची रबरी चकती, पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी, वाफ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, त्यांचे टाकीला वितळवून चिकटवलेले सांधे आणि कोळशाची डबी, ज्यात वाफ शोषून नंतर इंजिनाकडे पाठवली जाते. सामान्य नायट्राइल रबर शुद्ध पेट्रोलमध्ये जेवढे फुगते, त्यापेक्षा मध्यम प्रमाणात इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त फुगते. पुढे गाडी दीर्घकाळ उभी राहिली आणि रबर सुकले की, त्यातील मऊपणा देणारी द्रव्ये निघून गेलेली असतात. ते आकसते आणि कडक होते. फुगणे आणि आकसणे या दोन टोकांत सील आपली जागा सोडते. फ्लोरोइलास्टोमर वर्गाचे महाग रबर हा त्रास सहन करते. नव्या गाड्यांत योग्य जागी तेच किंवा तत्सम साहित्य वापरले जाते. जुन्या गाडीत कोणते आहे, हे मालकाला ठाऊक नसते आणि बहुधा विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

पाण्याचा मुद्दाही आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की, इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप इंधन ओढतो तोही तळातूनच. रोज धावणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही, कारण टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली जाते. पावसाळ्यात दोन-तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ती येऊ शकते, आणि अशा गाड्या बहुतांशी जुन्या, बहुतांशी वृद्धांच्या असतात. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलच्या वाफेचा दाब वाढतो, पण तो दहा टक्के मिश्रणाच्या आसपासच सर्वाधिक असतो. वीस टक्क्यांना त्याहून वाढत नाही. तेव्हा प्रत्येक वासाचे खापर ई-२० वर फोडणे योग्य नाही. वय, ऊन, गतिरोधकावर खाल्लेले आपट आणि पंपावर ‘तोंडापर्यंत भरा’ म्हणण्याची आपली सवय यांचाही वाटा आहे. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीतील द्रव पेट्रोल कोळशाच्या डबीत शिरते आणि ती कायमची निकामी होऊ शकते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या कथेचा आरंभ २०२३ मध्ये करणे पटत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, आपल्या संसदेच्या पूर्वसूरी सभागृहाने भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा केला होता. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढून ते पेट्रोलमध्ये मिसळावे, ही कल्पना तेव्हाही होती. हा कायदा २००० मध्ये रद्द झाला आणि योगायोग असा की, पुढच्याच वर्षी हीच कल्पना नव्या रूपात परत आली. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे प्रायोगिक तत्त्वावर मिश्रण सुरू झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम लागू झाला. त्यानंतरचे दशक मात्र इथेनॉलच्या दराच्या, राज्यांच्या करांच्या आणि उसाच्या कमी-अधिक पिकाच्या वादात गेले. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते.

नंतरचा वेग विलक्षण आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांचे लक्ष्य २०३० साठी ठेवले होते. २०२२ मधील दुरुस्तीने ते २०२५-२६ वर आणले. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये, ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरु येथे पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० चा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण देशभरचे वास्तव झाले. सरकारच्या आकड्यांनुसार २०१४-१५ पासून या कार्यक्रमाने १ लाख ४० हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचवले. कच्च्या तेलासाठी परावलंबी असलेल्या देशाने हे यश क्षुल्लक मानू नये, आणि मीही मानत नाही. ऊस, मका आणि तांदूळ यांपैकी कशापासून किती इथेनॉल काढावे, पाण्याचे आणि अन्नाचे काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

माझा प्रश्न साधा आहे. लक्ष्य पाच वर्षांनी अलीकडे आणले, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांचे वय पाच वर्षांनी कमी झाले नव्हते. ई-२० ला साजेसे साहित्य वापरण्याचे बंधन नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०२३ पासून आले. त्याआधी विकलेली प्रत्येक पेट्रोल गाडी, म्हणजे आज जेमतेम तीन वर्षांची गाडीसुद्धा, या अर्थाने जुनी आहे. मार्च २०२० अखेर देशात ३२ कोटींहून अधिक वाहने नोंदलेली होती आणि त्यांत दुचाकींचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश. धोरणाने ज्यांना गृहीत धरले, त्यांची संख्या एवढी मोठी आहे.

ही गोष्ट सरकारच्या तज्ज्ञांच्या नजरेतून सुटली होती, असेही नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला इथेनॉल मिश्रणाचा पथदर्शक आराखडा मी दोनदा वाचला आहे आणि तो प्रामाणिक दस्तऐवज आहे. शून्य इथेनॉलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत इंधनक्षमता सहा ते सात टक्के, दुचाकींत तीन ते चार टक्के घटेल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे लक्षात घेता हा हिशेब कोणीही करू शकतो. त्याच आराखड्यात दोन शिफारशी होत्या. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून उपलब्ध राहावे. आणि मिश्रित इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, म्हणजे घटलेल्या क्षमतेची भरपाई ग्राहकाला मिळेल. पहिली शिफारस पंपांवरून दिसेनाशी झाली. दुसरीबाबत ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले की, इथेनॉलचा सरासरी खरेदी दरच आता लिटरला सुमारे ७१ रुपये झाला असून तो शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या खर्चाहून जास्त आहे. कारण समजण्यासारखे आहे. मात्र ज्या आराखड्याच्या आधारे निर्णय घेतला, त्याची अवघड अर्धी बाजू गळून पडली, हे मान्य करायला हवे.

त्याच महिन्यात मंत्रालयाने जुन्या गाड्यांबद्दलही खुलासा केला. वाहन संशोधन संस्था आणि पेट्रोलियम संस्था यांच्या चाचण्यांत जुन्या गाड्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक किंवा असामान्य झीज आढळली नाही. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, तो खर्च किरकोळ असतो आणि नियमित देखभालीत हे काम होऊ शकते, असा त्याचा आशय होता. मी हा खुलासा खोटा मानत नाही. माझ्याच गाडीने तो अक्षरशः खरा ठरवला. परंतु तो वाचून निवृत्त अधिकाऱ्याच्या मनात जो प्रश्न यावा तो आला : हे वाक्य पेट्रोल पंपावर का नाही? गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाच्या कागदावर का नाही? ते टीकेला उत्तर म्हणून, इंधन बदलून झाल्यानंतर दोन वर्षांनी का आले?

दाखला म्हणून दिलेल्या परदेशी अभ्यासांचीही एक मर्यादा आहे. त्यांत गाड्या पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत, दर दहा हजार किलोमीटरला तपासल्या गेल्या होत्या. ताकद, ओढ आणि इंधनखप मोजण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण रबर आणि प्लास्टिक किलोमीटरने म्हातारे होत नाहीत, ते वर्षांनी होतात. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सतरा उन्हाळे काढलेली आणि केवळ साठ हजार किलोमीटर चाललेली गाडी या चाचणीच्या चौकटीत बसत नाही. टाकीच्या मंजुरीच्या चाचण्याही नव्या टाकीच्याच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३४ क्रमांकाच्या वाहन नियमात प्लास्टिकची टाकी उणे चाळीस अंशांवर आघात देऊन तपासतात, प्रत्यक्ष आगीवर धरतात आणि चाळीस अंशांवर आठ आठवडे ठेवून दिवसाला सरासरी वीस ग्रॅमहून अधिक इंधन झिरपत नाही ना, हे पाहतात. परीक्षा कठोर आहे; ती जन्माच्या वेळी एकदाच होते.

जन्मानंतर काय होते? सतरा वर्षांच्या माझ्या गाडीचा मार्ग सांगतो. कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. मी ते भरले. तपासणीत चॅसीचा क्रमांक, दिवे, ब्रेक आणि प्रदूषणाचा दाखला पाहिला गेला. मागचे आसन कोणी उचलले नाही. प्रदूषणाच्या दाखल्याची तपासणी धुराड्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते; टाकीतून उडून जाणारी वाफ तिच्या कक्षेत येतच नाही. सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आणली आणि ती एप्रिल २०२१ पासून अमलात आली. ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरती आहे. म्हणजे ज्या वयात टाकीच्या कडा खरोखर थकू लागतात, त्या वयात गाडी निर्मात्याच्या जबाबदारीतून बाहेर पडलेली असते, परिवहन विभाग तिच्याकडून अधिक शुल्क घेतो आणि पेट्रोलियम विभाग तिच्या टाकीत नवे इंधन भरतो. तीन खाती, आणि रबराची चकती तिघांच्याही फायलीबाहेर.

शासनात चाळीशी ओलांडेपर्यंत मला वाटत असे की, धोरणे मुळात चुकीची असतात म्हणून फसतात. नंतर कळले की, बहुतेक धोरणे गाभ्यात ठीकच असतात; ती गळतात ती दोन खात्यांच्या सांध्यावर. ई-२० चे तेच होत आहे.

आपण यापूर्वी हे अधिक चांगले केले आहे, म्हणून ही त्रुटी अधिक खुपते. १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक यंत्र सक्तीचे झाले, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल स्वतंत्रपणे उपलब्ध करून दिले गेले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून फेब्रुवारी २००० मध्ये हद्दपार झाले. मधली जवळजवळ पाच वर्षे दोन्ही इंधने विक्रीला होती. त्या वर्षांत मी दिल्लीत होतो. पंपावरचा पोरगा नळी उचलण्याआधी ‘शिसेवाले की बिगरशिसेवाले’ असे विचारत असे. साठवणुकीची अडचण तेव्हाही होती, दोन टाक्यांचा खर्च तेव्हाही होता. तरीही राज्यव्यवस्थेने गाडीच्या मालकाला एक प्रश्न विचारण्याची सभ्यता पाळली होती.

इतर देशांनीही आपापल्या परीने ती पाळली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण सर्वसाधारण केले, पण महाग श्रेणीचे पेट्रोल पाच टक्क्यांवर राखले आणि आपली गाडी कोणत्या इंधनास योग्य, हे तपासण्याची सोय सरकारने दिली. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून पंपाच्या नळीवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर मिश्रणाचे एकसारखे चिन्ह असते. अमेरिकेत पंधरा टक्के मिश्रणाला केवळ २००१ आणि नंतरच्या मोटारींसाठी परवानगी आहे आणि पंपावर तसा फलक सक्तीचा आहे. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. तेथे १९७५ पासून हा कार्यक्रम आहे, २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या आहेत आणि २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर नेलेले मिश्रण २०२५ मध्ये ३० टक्के झाले. म्हणजे तेथील टाक्या, नळ्या आणि चकत्या अनेक दशके या इंधनाबरोबरच वाढल्या. ब्राझीलचे टक्के घ्यायचे, तर त्याची वर्षेही मोजली पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. न्यायालयाने धोरणात हस्तक्षेप करू नये, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण त्याचा अर्थ धोरणकर्त्यांचे काम संपले असा नव्हे. ते त्यांच्याकडेच परत आले, असा आहे.

काय करता येईल? इथेनॉल मागे घ्या, असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. पहिली गोष्ट फुकटाची आहे. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे आणि त्याखाली एक ओळ असावी : २०२३ पूर्वीच्या गाडीच्या इंधन प्रणालीतील रबरी भाग तपासून घ्यावेत. दुसरी, निर्मात्यांनी आपल्या प्रत्येक जुन्या प्रतिमानासाठी कोणते भाग बदलावे लागतात याची यादी जाहीर करावी आणि ते भाग योग्य रबरात, संचाच्या रूपात, किमान वीस वर्षांच्या गाड्यांपर्यंत उपलब्ध ठेवावेत. त्या संचावरील कर केंद्राने सोडावा. वाचलेल्या परकीय चलनाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य ठरेल. तिसरी, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात आणि स्वयंचलित तपासणी केंद्रांत इंधन प्रणालीची गळती तपासणे सक्तीचे करावे. पाच हजार रुपयांत आसन उचलण्याचे श्रम बसू शकतात. चौथी, वाहनांना लागलेल्या आगींच्या नोंदीत गाडीचे वय आणि इंधन प्रणालीची स्थिती यांचा रकाना असावा, म्हणजे अफवा आणि इन्कार या दोहोंऐवजी माहिती हाती येईल. आणि मिश्रण वीस टक्क्यांपुढे नेण्याचा विचार होईल तेव्हा, किमान मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, कमी मिश्रणाची एक श्रेणी आधी हमीने राखावी.

हे सर्व कोणासाठी? जुनी गाडी म्हणजे श्रीमंताचा छंद, असे दिल्लीतील बैठकांत पुष्कळदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दहा वर्षांनी गाडी महानगरातून लहान शहराकडे आणि पहिल्या मालकाकडून तिसऱ्या मालकाकडे जाते. तो तिसरा मालक कोठे शिक्षक असतो, कोठे फेरीवाल्या मालाचा विक्रेता, कोठे मुलीला कोचिंगला सोडणारा कारकून. त्याच्याकडे वापरपुस्तिका नसते, विमा कसाबसा असतो आणि वास आला तर खिडकी उघडायची एवढेच त्याला ठाऊक असते. परकीय चलन वाचवण्याच्या राष्ट्रीय कार्यात त्याने आपला सहा टक्के वाटा न विचारता दिला आहे. वाफेने भरलेल्या गाडीत त्याने काडी ओढू नये, एवढे त्याला सांगणे हे आपले देणे आहे.

उस्तादांनी माझ्या गाडीची चकती बदलली, दोन नळ्या बदलल्या आणि जुनी चकती माझ्या तळहातावर ठेवली. मजुरीसह खर्च बाराशे रुपयांच्या आत. “टाकी तोंडापर्यंत भरू नका साहेब, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी गाडी फिरवा,” एवढेच ते म्हणाले. कोणत्याही सरकारी फलकावर मला न मिळालेली सूचना ती हीच होती. चकती मी टेबलावर ठेवली आहे. एव्हाना ती सुकून आकसली आहे आणि नव्या चकतीशेजारी ठेवली तर बोटभर लहान दिसते.